पांढरं लोखंड

कागलच्या मामांनी त्यांची जुनी स्कूटर मला दिली, तेव्हा एक अट घातली. महिन्याच्या आत ती माझ्या नावावर करून घ्यायची. एमएच नंबरची गाडी बेळगावात रोज दिसू लागली की कुणीतरी अडवणार, आणि कागद त्यांच्या नावावर. त्यांचं काही चुकत नव्हतं. मला शाळेत नोकरी लागून दोन महिने झाले होते. येळ्ळूरहून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायला दोन बस कराव्या लागत, आणि आठवड्यातून दोनदा तरी माझी सकाळची प्रार्थना चुके. मुख्याध्यापिकेनं शेवटची ताकीद दिली होती. स्कूटर नावावर झाली तर नोकरी टिकणार, इतकं ते सरळ होतं.

स्कूटर चार पावसाळे उघड्यावर उभी होती. पाय ठेवायची प्लास्टिकची फळी काढली, तर खालच्या लोखंडी सांगाड्याचे पापुद्रे हातात आले. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहिलं. एका ठिकाणी ते आरपार गेलं.

"हुतंय," ते म्हणाले. "मी करतो."

आयुष्यभर त्यांनी वेल्डिंग केलं, पण गेट, ग्रिल आणि ट्रॉल्यांचं. स्कूटरला त्यांनी कधी हात लावला नव्हता. डोळे अधू झाल्यावर काम सोडलं होतं. गावातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराच्या शेडमध्ये एका रविवारी आम्ही स्कूटर ढकलत नेली. हे काकाही ग्रिलवालेच.

"आमी जन्मभर बोंबलतोय महाराष्ट्रात न्या म्हणून," नंबरप्लेट बघून काका म्हणाले, "आणि ही गाडी तिकडनं हिकडं आणालीस व्हय रं?"

अण्णा हसले. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवली. मला त्यांनी स्टुलावर बसायला सांगितलं. "कपडे घाण करू नगंस." मी कागदांची फाईल मांडीवर घेऊन बसले. सगळे अर्ज मीच भरले होते. घरात इंग्रजी अर्ज भरणारी मी एकटीच.

आधी वायर ब्रश, मग ग्राइंडर. लाल भुगा खाली साचत गेला. वेल्डिंगला घाण लोखंड चालत नाही, गंजावर मारलेला टाका आठ दिवसांत सुटतो, हे अण्णा कामाच्या नादात दोनदा सांगून गेले. "पांढरं लोखंड दिसलं पायजे." चष्मा काढून त्यांनी वर गॉगल चढवला होता. जवळचं त्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

ब्रशनं गंज निघाला, तेव्हा उजव्या नळीवर बारीक अक्षरं आणि आकडे उघडे पडले. एम, ई, चार... मी ते फाईलमधल्या कागदावर लिहिले होते. चॅसिस नंबर. ग्राइंडर तिथून वीतभर लांब होता.

"अण्णा, तिथं काहीतरी लिहिलंय."

माझा आवाज मुळात लहान. ग्राइंडर बंद करून ते वळले, गॉगलमागून, जरा त्रासून. "काय?"

"म्याडम काय म्हणाल्यात बघ," काका म्हणाले. "इंग्लिशमधी सांगा म्याडम, त्येला लवकर कळंल." शेडच्या दारात कुणीतरी हसलं.

या गावात मी तोंड उघडलं की असंच होतं. मी म्हणाले, "काही नाही."

ग्राइंडर पुन्हा सुरू झाला. मी मान खाली घालून बसले. वर पाहिलं तेव्हा नळी चकचकीत पांढरी होती.

वेल्डिंग सुंदर झालं. कुजलेला भाग कापून अण्णांनी आतून बारीक नळीचा तुकडा सरकवला, करंट कमी ठेवून थोडं थोडं टाके घेतले, एकही भोक पडू दिलं नाही. काकांनी हातोडीनं ठोकून बघितलं आणि म्हणाले, "हात हाय तुजा अजून." वर रेड ऑक्साइडचा तांबडा रंग लागला. अण्णा त्या रात्री दोन भाकऱ्या जास्त जेवले. मी स्वतःला समजावत होते, की नंबर कागदावर आहेच, पुरे होईल.

आरटीओत साहेबांनी फळी उघडायला लावली. नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची असते, म्हणजे ठसा उमटतो. त्यांनी रंग खरवडला, घासलं, पुन्हा घासलं. कागद काळा झाला, आकडा एकही नाही.

"नंबर एल्ली?" त्यांनी कानडीत विचारलं. कुठं आहे नंबर?

अण्णांनी चष्मा लावून नळीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले. त्यांना कानडी येतं, पण ते नळीवरून मान वर काढेनात. साहेब माझ्याकडे बघायला लागले. आणि मी, जिला शेडमध्ये एक वाक्य धड पुरं करता आलं नव्हतं, स्वच्छ, अस्खलित इंग्रजीत बोलले. की वडिलांना यातलं कळत नाही, त्यांनी न विचारता घासून टाकलं, मला माहीत नव्हतं.

साहेबांनी मान हलवली. आवाज चढवला नाही. नंबर खोडलेली गाडी नावावर होत नाही, कोल्हापूरच्या आरटीओतून तपास होऊन पत्र यावं लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं म्हणाले. मामांनी आठवड्यात टेम्पो पाठवून स्कूटर परत नेली. पुढच्या महिन्यात शाळेनं माझ्या जागी दुसरी बाई घेतली. अण्णा अजून येईल त्याला सांगतात, "माज्यामुळं पोरीची नोकरी गेली." मी तिथंच असते. ऐकते.

त्या दिवशी आरटीओतून परतताना, वाटेत कुणी अडवील म्हणून, ते स्कूटर चालू न करता हातानं ढकलत होते. चढावर थांबून त्यांनी विचारलं, "सायबाला काय सांगितलंस गं इंग्लिशमधी?"

"चुकून झालं म्हणून."

"बरं केलंस," अण्णा म्हणाले. "मला बोलायला जमलं नसतं."