बिळातलं तेल

धाकटी बहीण बाळंतपणाला आमच्याकडे आली होती आणि तिला दूध येत नव्हतं. पावडरीची बाटली बाळ तोंडात धरेना, रडून रडून लालबुंद व्हायचं. आमच्यात बाळंतिणीला निवट्यांचं कालवण देतात. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात बीळ करून राहणारी बोटभर मासळी. रविवारी ओहोटीला आई निघालीच. गुडघे दुखतात, पण ऐकेल ती आई कसली! पिशवी धरायला मी गेले.

खाडीची मला भीती वाटते. लहानपणी नव्हती वाटत. मग एकदा समुद्रात जहाजाचं तेल सांडलं आणि भरतीबरोबर आमच्यापर्यंत आलं. काठची तिवराची झाडं कमरेपर्यंत काळी, चिखलात मेलेले खेकडे, गावभर रॉकेलचा वास. काही पावसाळ्यांनी तिवरं हिरवी झाली, पाणी निवळलं आणि लोक विसरून गेले. गावाला तेव्हा जमिनींच्या चढत्या भावापुढे दुसरं सुचत नव्हतं.

आईने एका बिळात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला, निवटी वळवळली, आणि मागोमाग बिळातून जे पाणी वर आलं त्यावर निळा-जांभळा तवंग पसरला. गॅरेजसमोरच्या डबक्यावर असतो तसा.

“आई, खाली अजून तेल आहे गं.”

“कवाच गेलं त्याल. वरचं पानी बघ, कसं चकचकीत हाय! तुमी दोगी या निवट्यांवरच वाडल्या.”

“तेव्हा तेल सांडलं नव्हतं.”

“तू पयल्यापासून भित्रीच.”

आहेच मी भित्री. घरी आईने निवट्या राखेत चोळून धुतल्या, चिंचेचा कोळ आणि लसूण घालून कालवण रटरटवलं. घरभर घमघमाट सुटला. पिशवी धरलेल्या माझ्या हातांचा रॉकेलचा वास मात्र साबणाने जाईना. मी बहिणीला स्पष्ट सांगितलं, “नको पिऊस. बिळातून तेल वर आलं, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

तिने वाटीकडे पाहिलं, मग बाळाकडे. “ते उपाशी आहे गं, ताई,” म्हणाली आणि वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी दूध आलं. आईने देवापुढे नारळ फोडला. बाळ पोटभर पिऊन झोपलं. मी वाकून त्याचं तोंड हुंगलं. नुसता दुधाचा वास होता, तरी माझी भीती काही हलली नाही. खाडीचं पाणीही वरून स्वच्छच दिसत होतं की.

दूध टिकायचं तर कालवण सुरू ठेवायला हवं, म्हणून आई पुन्हा निघाली. बाळाची शपथ घालून मी तिच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं, की तवंग दिसला की त्या बिळातली निवटी सोडून द्यायची. आईने शब्द पाळला. कुरकुरली, मग माझ्याकडे बघेनाशी झाली. एका बिळातून दुसऱ्या बिळाकडे चिखल तुडवत राहिली. भरतीचं पाणी पायाला लागलं तेव्हा माझ्या हातातली पिशवी रिकामीच होती.