शकू, मी आणि तीन गुणांची रेघ

सकाळी सव्वासहाला शकूच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "बघितलंस ना? तुझ्या नव्या पोरांची वाट लागली. वीस गुणांनी मागे आहेत, आणि म्हणे आजच्या टीमपुढे आपण कोण," असं एका दमात सुनावलं. अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे सामने आपल्याकडे भल्या सकाळी दिसतात आणि गेली सात-आठ वर्षं आमचा दिवस असाच उजाडायचा. ती घाटकोपरला, मी भांडुपला, दोघींच्या घरी टीव्ही लागलेला, फोन कानाला आणि भांडण चालू. जुन्या टीम भारी की आजच्या, एवढाच विषय. त्या दिवशी पलीकडून उत्तर येईना. मला वाटलं, हरतेय म्हणून गप्प बसलीय. मग बारीक आवाज आला, "मावशी, मी प्रज्ञा बोलतेय. आई गेली... आत्ताच. मॅच लावून बसली होती." प्रज्ञा तिची मुलगी. माझ्या जिभेला हाड नाही हे मला माहीत होतं, पण इतकं नसेल असं वाटलं नव्हतं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. ती माझी शकू, मी तिची सुनी. शकुंतला माझी सगळ्यात जवळची मैत्रीण होती आणि मी तिच्यावर पंचेचाळीस वर्षं जळत होते. दोन्ही खरं आहे. आम्ही पहिल्यांदा भेटलो ते मुलुंडच्या एका सिमेंटच्या कोर्टवर. तिचे आईवडील अकोल्याकडून येऊन घाटकोपरला स्थायिक झालेले, माझे बाबा मालवणचे, गिरणीत कामाला. पहिल्याच दिवशी तिने चेंडू इतका खाली, गुडघ्याखाली खेळवत नेला की मला फक्त तिची वेणी दिसली. त्या दिवशी माझी आई बघायला आली होती. घरी जाताना मालवणीत म्हणाली, "तां चेडू बघ कसा धावता, आणि तू नुसता बघीत ऱ्हवतंस." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे शकू. तिच्यावरचा माझा राग तिथून सुरू झाला. त्यात शकूचा काही दोष नव्हता.

तेव्हा व्यावसायिक टीम वगैरे आपल्याकडे नव्हत्या. होत्या त्या ऑफिसच्या टीम. खेळाडू म्हणून नोकरी लागायची, सकाळी टेबलावर बसायचं, दुपारनंतर मैदानावर. शकूला माहुलच्या एका रिफायनरीत नोकरी लागली आणि मला बँकेत. तिला न्यायला कंपनीची बस यायची, दर मोसमाला नवे बूट मिळायचे. मी दोन मोसम त्याच कॅनव्हासच्या बुटांना पांढरा खडू फासून खेळले. राज्याच्या टीमसाठी शेवटच्या एका जागेवर आम्हा दोघींचा विचार चालला होता. यादी लागली, नाव तिचं होतं. ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी तू गं." पुढच्या वर्षीही तीच गेली. निवड समितीने पक्षपात केला, हे मी नवऱ्याला, मुलांना, सुनेला, शेजारणीला, सगळ्यांना सांगत आले.

माझा खेळ वेगळा होता. मला घुसायला जमायचं नाही, पण लांबून टाकलेला चेंडू बहुतेक वेळा आत जायचा. आमचे सर चिडायचे. "लांबून टाकलास तरी दोनच गुण, जवळून टाकलास तरी दोनच. मग जवळ जायला काय पाय दुखतात?" पाच पास झाल्याशिवाय बास्केटकडे बघायचं नाही, असा त्यांचा नियम. तरीही एका फायनलला मी ऐकलं नाही. समोर शकूची रिफायनरी, आणि मी लांबून सहा टाकले. सहाच्या सहा आत. आम्ही तीन गुणांनी हरलो. पुढे काही वर्षांनी कोर्टवर ती रेघ आली, तिच्याबाहेरून टाकलं की दोनाऐवजी तीन गुण. तोवर माझ्या कडेवर पोर होतं आणि गुडघ्यांनी राजीनामा दिलेला. दात होते तेव्हा चणे नव्हते. तुम्हीच हिशेब करा. ती रेघ तेव्हा असती तर सहा गुण जास्त, म्हणजे तीन गुणांनी आम्ही जिंकलो असतो.

म्हणूनच मला आजच्या टीम बघवत नाहीत. पाचही जण रेघेबाहेर उभे राहून लांबून टाकतात. सात फुटी माणूससुद्धा बास्केटखाली जायचं सोडून कोपऱ्यात जाऊन टाकतो आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. अरे, ज्याच्यासाठी मी पाच वर्षं शिव्या खाल्ल्या तेच हे. मग मी शकूला म्हणायचे, हे काय खेळणं आहे, पास नाही, घुसणं नाही, चेंडू हातात धरून चार पावलं चालतात आणि पंच बघत बसतो. जुन्या टीमनी यांना पाणी पाजलं असतं. शकू शांतपणे म्हणायची, "आपण दोनच पावलं टाकायचो सुने, कारण तिसऱ्याला आपण पडायचो. ही पोरं आपल्यापेक्षा उंच आहेत, चपळ आहेत, दोन्ही हातांनी खेळतात. आपल्या टीमला यांनी पहिल्या दहा मिनिटांत घरी पाठवलं असतं." तिला असं म्हणायला काय जातंय... जिंकलेल्या माणसाला नव्यांचं कौतुक परवडतं.

एकदा मी त्या फायनलचा हिशेब पुन्हा मांडला. शंभराव्यांदा असेल. तर ती हसत म्हणाली, "रेघ असती तर मी तुला तिथे मोकळी उभी राहू दिली असती का गं? दोनच गुण होते म्हणून सोडलं होतं तुला." मी फोन ठेवला आणि पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाही. कारण मला तिच्याकडून आयुष्यात एकच वाक्य हवं होतं, की सुने, त्या दिवशी तू भारी होतीस. बाकी सगळं तिलाच मिळालं होतं, एवढं द्यायला काय हरकत होती.

शकूच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, म्हणजे तिला आदरांजली वाहायला, हॉल भरला होता. रिफायनरीच्या जुन्या पोरी आल्या होत्या, कोणी काठी टेकत, कोणी नातवाचा हात धरून. मला बोलायला सांगितलं. मी शकूच्या डब्यातल्या ठेच्याबद्दल बोलले, माझ्या बाळंतपणात ती कशी रात्रंदिवस राहिली ते सांगितलं. तिच्या खेळाबद्दल एक अक्षर बोलले नाही. बसताना मला ते कळलं, पण पुन्हा उठले नाही.

मग जेवणं झाल्यावर प्रज्ञाने मला खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, ते रेघेचं काय होतं गं? आई मॅच बघताना सारखी म्हणायची, ही रेघ तेव्हा नव्हती म्हणून मी वाचले. असती तर सुनीला अडवणं माझ्या बापालाही जमलं नसतं. आजच्या टीम का चांगल्या, तर म्हणे प्रत्येक टीमने पाच-पाच सुन्या उभ्या केल्यात." मी म्हटलं, "मला तर उलटंच सांगायची." प्रज्ञा रडता रडता हसली. "तुला कशी सांगेल? म्हणायची, ती आधीच डोक्यावर बसलीय, तिला कळता कामा नये."

घाटकोपर ते भांडुप मी रिक्षात हवेत होते. घरी पोचले तोवर संतापाने अंग तापलं होतं. स्वतःच्या मुलीला सांगितलं तिने, मला नाही. किती चिकट बाई. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने पेपर खाली ठेवून विचारलं, "आणि तू तिला काय सांगितलंस?"

"मी काय सांगायचं होतं?"

तो पुन्हा पेपर वाचायला लागला.

मी अजूनही सकाळी सहाला टीव्ही लावते. सवय आहे, दुसरं काय. परवा एक बुटका खेळाडू दोन धिप्पाडांच्या मधून चेंडू जमिनीलगत नेत घुसला आणि डाव्या हाताने अलगद वर ठेवून बाहेर आला. सगळं स्टेडियम वेडं झालं. मी बघत राहिले. शकू हे सिमेंटवर करायची, उन्हात, बाकावर एक पाण्याचा माठ आणि बघायला तीस माणसं. डाव्या हाताने करायची, उजव्यानेही. तिच्यासमोर मी पंचवीस वेळा उभी राहिले असेन आणि एकदाही तिला थांबवू शकले नाही. निवड समितीने काही पक्षपात केला नव्हता.

"शकू, तू याच्यापेक्षा चांगली होतीस," मी मोठ्याने म्हटलं. "माझ्यापेक्षाही होतीस."

नवरा चहा घेऊन दारात उभा होता. "कोणाशी बोलतेयस?"

"कोणाशी नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.