डच कर्नलच्या खांदेपट्ट्या

“ताई, सही करा ना! शनिवारी गृहप्रवेश आहे. कर्नलसाहेब हॉलमध्ये लागलेच पाहिजेत.”

संजय म्हणजे इथे अमेरिकेत, श्रूजबरीत नवं घर घेतलेला इंजिनियर. मी जुनी चित्रं तपासून देते. आम्ही जुन्या चित्रांच्या एका डीलरच्या दुकानात उभे होतो. समोर एकोणिसाव्या शतकातलं डच पोर्ट्रेट. निळा युनिफॉर्म, सोनेरी झालरीच्या खांदेपट्ट्या, भारदस्त मिशा. चित्र अस्सल असल्याचा माझा रिपोर्ट मिळाला की संजय ते घेणार होता. उद्या खोटं निघालं तर नाव माझं जाणार होतं.

ह्याच डीलरने मला पूर्वी गंडवलेलं. सांधलेला कॅनव्हास अखंड म्हणून गळ्यात मारला आणि वर म्हणाला, “गराज सेलमध्ये शिकलेल्यांनी जरा नीट बघून घ्यावं.” मी गराज सेलमध्येच, लोकांनी घराबाहेर विकायला मांडलेली जुनी चित्रं चाळत शिकले. तेव्हापासून नीटच बघते.

चेहऱ्यावरचा रंग चिनीमातीच्या जुन्या बशीसारखा तडकलेला. कोटावरही तडे. पण खांद्यांपाशी सोनेरी रंग तड्यांच्या आत उतरला होता. रंग आधी वाळतो, तडकतो पुष्कळ वर्षांनी. तड्यात ओला रंग शिरलाय, म्हणजे तो मागाहून लावलाय. मी अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला. जुनं व्हार्निश हिरवट चमकलं. खांदेपट्ट्या मात्र काळ्याकुट्ट दिसल्या, म्हणजे रंग नवा.

“हे काय?”

“थोडं रिस्टोरेशन,” डीलर म्हणाला.

“रिस्टोरेशन? तुम्ही ह्याला चक्क प्रमोशन दिलंय!”

माझा आवाज चढला. संजय नुसता “ताई, ताई” करत राहिला. त्याला सांगितलं, हा लढाईवरचा कर्नल नाही, कोट शहराच्या रक्षक दलाचा आहे. तेव्हा डच शहरांत दुकानदार, कारकून असे साधे नागरिकच ह्या दलात ड्यूटी करायचे. गावात आपल्याला मान आहे हे दिसावं म्हणून युनिफॉर्ममध्ये चित्र काढून घ्यायचे.

“म्हणजे होमगार्ड?”

“तसंच समज. पण माणूस खरा आहे. खांदेपट्ट्या साफ करून देते, आणि निम्म्या भावात मिळवून देते.”

डीलरचं तोंड उतरलं. मी भाव आणखी पाडणार, तेवढ्यात संजय पुटपुटला, “राहू दे ताई. होमगार्डला हॉलमध्ये कोण लावतं यार?”

मी सही केली नाही. शनिवारी जेवायला गेले, तर भिंतीवर दुसरा डच कर्नल. त्याच डीलरकडून, मला न विचारता आणलेला. ह्याच्या खांदेपट्ट्या आणखी मोठ्या.

आता कुणी चित्र बघायला बोलावलं की मी आधी विचारून घेते: तपासायचंय, की नुसती मान डोलवायचीये?