साक्षगंधातलं डांबर

माझ्या भाचीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी डांबर फासलं. (मुद्दाम नाही!) तेही भर साक्षगंधात (म्हणजे साखरपुड्यात), दोन्हीकडच्या पाहुण्यांसमोर.

कन्हानला माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची, फुटाण्याची भट्टी आहे. तिच्या धुरावरून शेजारी रोज भांडायचे. "ताई, तू तीस वर्षं पोरायले विज्ञान शिकवलं. मले काही उपाय सांग ना वं," तो म्हणाला. निवृत्त मास्तरणीला एवढं पुरतं! मी पुस्तकं उघडली. बंद ड्रममध्ये लाकूड पोटभर हवा न देता धुमसवलं, की जळणारा वायू निघतो. तो नळीनं शेगडीत आणायचा. धूर नाही, काजळी नाही. फक्त वायूबरोबर डांबर येतं, तेवढं गाळून घ्यायचं. (हे 'फक्त' माझं. पुस्तकात त्यावर चार प्रकरणं होती.)

वेल्डरकडून तीन ड्रम करून घेतले आणि भट्टीमागच्या उघड्या अंगणात मांडले, कारण हा वायू विषारी. पहिल्यात लाकूड आणि त्याला ब्लोअर. दुसऱ्यात पाण्याचा फवारा. त्यासाठी आमच्या कूलरचा पंप काढून आणला. ("मे महिन्यात?" एवढंच आमचे हे म्हणाले.) तिसऱ्यात गाळण म्हणून लाकडाचा भुसा हवा होता. मी हरभऱ्याची टरफलं भरली. भट्टीवर ढीगच पडलेला. चाचणीला पाऊण तास निळी ज्योत! मग काय, प्रकाशच्या मुलीच्या साक्षगंधाचा स्वयंपाक यावरच होईल, असं मी जाहीर करून टाकलं. आणि गाळण आणखी पक्कं व्हावं म्हणून ड्रममध्ये उतरून अजून एक पोतं टरफलं पायानं तुडवली.

त्या दिवशी वाडीहून मुलाकडचे आले. मुलाचे वडील पांढऱ्याशुभ्र सफारीत. वाडीला त्यांचं ट्रकांचं गॅरेज आहे. वरण झालं, भात झाला, पाटवड्यांच्या रश्शाची फोडणी पडली आणि ज्योत पिवळी झाली. मग लहान झाली. मग विझलीच आणि आचारी ओरडला, "बाई, इस्तो गेला!"

ओली टरफलं फुगून गच्च बसली होती. वायूला वाटच नव्हती.

"दोन मिनिटं!" म्हणत मी स्टुलावर चढले आणि तिसऱ्या ड्रमच्या झाकणाचे नट ढिले करू लागले. मुलाचे वडील मागून आले. "पाहू द्या बाई, काय फसून राहिलं?" त्यांनी मान पुढे केली आणि झाकण उडालं. भस्सकन!

कपाळापासून खिशापर्यंत माणूस काळा. (मीही काळी झाले होते, पण माझ्याकडे कोण बघतंय!) मुलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. माझी भाची रडायच्या बेतात. झालं, माझ्या हातानं पोरीचं लग्न मोडलं!

मुलाच्या वडिलांनी डोळे पुसले, बोट हुंगलं आणि गंभीरपणे विचारलं, "बाई, ब्लोअर बंद केला होता का?"

"नाही."

"इंजन चालू ठेवून फिल्टर कोनी खोलते का हो?"

तीस वर्षं विज्ञान शिकवलेली मी ब्लोअर बंद करायला धावले. तेवढ्यात पदराआडून खिदळणं ऐकू आलं. मुलाची आई हसत होती! "रोज टरकाखाली शिरून सोताच काळे होऊन येतेत," त्या म्हणाल्या. "आज पहिल्यांदा दुसऱ्या कोनी केलं ह्यायले काळं!" त्यांनी आचाऱ्याकडून फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं, तेल मागवलं आणि नवऱ्याचं तोंड लहान पोरासारखं चोळून काढलं. मग प्रकाशचा कुर्ता घालून (पोटावर एक बटण लागेना) मुलाच्या वडिलांनीच आवाज दिला, "चला, अंगठ्या आणा!" माझ्या जिवात जीव आला.

"अन् जेवण?" आचाऱ्यानं विचारलं.

आमच्या ह्यांनी जाऊन गाडीची डिक्की उघडली. आत दोन सिलिंडर आणि शेगडी.

"हे काहून आणलं?" मी भडकले.

"तुझ्यासंग संसार करून राहिलो ना," हे म्हणाले.

भट्टी आता खरंच बिनधुराची चालते. व्याह्यांनी आपला मेकॅनिक पाठवला. त्यानं टरफलं उपसून भुसा भरला, सैलसर. लग्नात प्रकाशनं माझ्यावर एकच काम सोपवलं, अक्षता वाटायचं. ताट देण्याआधी मात्र त्यानं माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले!