पंचवीस अक्षरांची किल्ली

संगणक दुरुस्त करण्याचं माझं कसलंही शिक्षण झालेलं नाही, हे मी मान्य केलं ते दुरुस्ती संपल्यावर.

ओरोसच्या सरकारी कचेरीत तीस वर्षं फायली सांभाळून मी निवृत्त झालो आणि आम्ही धामापूरजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. बायको सुनंदा प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिला मालवणी शब्द गोळा करायचा नाद. भात लावणाऱ्या बायकांकडून, मासे विकणारणींकडून, भांडणाऱ्या जावांकडून. (शेवटच्या प्रकारात सर्वांत जास्त मिळाले.) सहा वर्षांचे ते शब्द आमच्या संगणकात होते आणि शुक्रवारी कुडाळच्या छापखान्यात द्यायचे होते.

मंगळवारी सकाळी तिने हाक मारली, "अहो, हयसर येवा. ह्याका काय झाला बगा."

काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. चालू व्हायला लागणारं काहीतरी त्याला सापडत नव्हतं, एवढाच अर्थ मला लागला.

"आग्नेलाक फोन करूया," सुनंदा म्हणाली. आग्नेल म्हणजे मालवणात संगणक दुरुस्त करणारा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस.

"रव गो. आदी उघडून तर बगतंय."

खरं सांगायचं तर त्या डब्याच्या आत काय असतं, ते मला कित्येक वर्षं बघायचं होतं. आत बोटभर धूळ होती, कुंभारमाशीचं मातीचं घर होतं आणि पालीच्या अंड्यांची दोन टरफलं. शिवाय मनगटी घड्याळात असतो तसा, पण जरा मोठा, एक गोल सेल. संगणकाला घड्याळाचा सेल कशाला? मी तो काढला, उलटसुलट बघितला, परत बसवला. एका हिरव्या पट्टीला खोडरबर घासला (असं करतात म्हणे). शेवटी रॉकेलच्या फडक्याने डबा बाहेरून लख्ख पुसला. कडेला एक कळकट कागद चिकटला होता, तोही नखाने खरवडून काढला.

"काय कळला?" दोन तासांनी सुनंदाने विचारलं.

"खूप काय कळला."

संगणक तेवढा चालू होत नव्हता.

बुधवारी तो गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि आम्ही दोघं एसटीने मालवणला निघालो. शेजारच्या बाईने हळूच विचारलं, "पोर बरा नाय काय?"

"पोर बरा होता," सुनंदा म्हणाली. "बापाशीन उघडून बगल्यान."

आग्नेलने डबा उघडलाच नाही. मागच्या बाजूने वाकून बघितलं आणि एक पेनड्राइव्ह उपसला. "ह्यां कोणाचा?"

माझा होता. दशावतारी नाटकं उतरवून घ्यायला सोमवारी लावला आणि विसरलो. आग्नेलने बटण दाबलं. संगणक सुरू झाला.

"संगणक ह्या पेनड्राइव्हातसून चालू होवक बगी होता," तो म्हणाला. "आत कायएक बिघडला नाय होता."

हे वाक्य त्याने दोन मिनिटांनी मागे घेतलं. मी सेल काढल्यामुळे संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं होतं. आग्नेलने तारीख दुरुस्त केली, पण मराठी टायपिंगच्या प्रोग्रामला एव्हाना आमचा संशय आला होता. तो परवान्याची पंचवीस अक्षरी किल्ली मागू लागला. ती दिल्याशिवाय अक्षरं दिसेनात. माशांची नावं चौकोन, शिव्याही चौकोन.

"किल्ली डब्याच्या कडेक चिकटवलेली आसतली," म्हणत आग्नेलने डबा फिरवला. कड आरशासारखी चकाकत होती. "हय कागद होतो मां?"

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. सहा वर्षांत जमवलेल्या शब्दांपैकी एकही तिला पुरेसा वाटला नसावा.

मग त्या प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला. आग्नेलने स्पीकर चालू करून ठेवला.

"किल्ली मिळेल, साहेब," पलीकडच्या बाई शुद्ध मराठीत म्हणाल्या. "फक्त ओळख पटवायची आहे. नोंदणी करताना तुम्ही स्वतः एक प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून ठेवलंय. प्रश्न वाचते. घरात सर्वांत हुशार कोण?"

"सोपा आसा," आग्नेल म्हणाला. "वयनीचा नाव सांगा."

सुनंदा दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. पदर सारखा करून खुर्चीत ताठ बसली. मी नोंदणीचा तो दिवस आठवायचा प्रयत्न करत होतो. जसजसा तो आठवू लागला, तसतसा मला घाम फुटू लागला.

"सुनंदा," मी म्हटलं.

"चुकलं, साहेब. आता एकच संधी आहे. तेही चुकलं तर लेखी अर्ज करावा लागेल. पंधरा दिवस जातील."

शुक्रवार परवावर आला होता.

मी मान खाली घालून स्वतःचं नाव सांगितलं.

"पूर्ण नाव लागेल."

मी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट सांगितलं.

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या आणि एकेक अक्षर सांगू लागल्या. मी ती लिहून घेतली नाहीत. वही आणि पेन सुनंदाने आधीच माझ्या हातातून काढून घेतलं होतं.