कानांवरचे हात

लेकीच्या नेमबाजीसाठी आवाज अडवणारे इअरमफ घ्यायला बाबांसोबत दुकानात गेलो होतो. "मुलीला चष्मा असेल तर मऊ कडांचे घ्या, फट राहत नाही," दुकानदार म्हणाला.

"काय म्हणतोय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी नेहमीसारखं म्हणालो.

भातात रानडुकरं शिरली की बाबा बंदूक उचलताना म्हणायचे, "कान झाक रे." मी तळव्यांनी कान दाबून धरायचो. त्यांचे दोन्ही हात बंदुकीवर असायचे. त्या भातावर मी वाढलो, आणि आता त्यांना एक वाक्य दोनदा सांगायचा मला कंटाळा येतो.

मी इअरमफ चढवून पाहिले. सगळं शांत झालं. समोर बाबांचे ओठ हलत होते. घाईने ते काढून मी विचारलं, "काय म्हणालात?"

"काही नाही," बाबा म्हणाले.