वाटेकडेची हरळी

साठी उलटली तरी इलारियो बेंगोचेआची उकरून बघायची खोड काही गेली नाही. कमरेचा सुरा मांस कापायला, पण त्याचं पातं बहुतेक वेळ मातीत. त्रेस आरोयोसच्या पंचक्रोशीत लोक त्याला घूस म्हणत आणि तो ते कौतुकच समजे.

गव्हाच्या रानात त्यानं सहा वर्षं नांगर घातला नव्हता. लहानपणी त्यानं बापाची नांगरलेली माती वाऱ्यानं उडून शेजाऱ्याच्या कुंपणाला लागलेली पाहिली होती. पण नांगर थांबला आणि हरळी माजली. रानात मोठ्या बहिणीचा, देल्फिनाचा, निम्मा वाटा, आणि तोंड मात्र पूर्ण तिचं.

"पेरणी जूनमध्ये, हिवाळा लागताना. तेव्हाही हरळीचं हिरवं पातं दिसलं तर मी स्वतः नांगर जोडीन."

"ताई, नांगरानं एका मुळाचे शंभर तुकडे होतील, आणि प्रत्येक तुकडा फुटेल!"

एप्रिलमध्ये त्यानं तणनाशक फवारलं. रान पिवळं पडलं, वाटेकडेचा पट्टा तेवढा हिरवागार.

"औषधात पाणी घातलंस की पाण्यात औषध?" देल्फिनानं टोमणा मारला.

टाकी तीच, पाणी तेच, मग इथंच का? इलारियो माते नावाच्या कडू चहाचा पेला घेऊन पट्ट्यात बसला. पान चोळलं तर बोट राखाडी झालं. औषध धुळीतच अडकलं होतं, पानात शिरलंच नव्हतं. पण एवढी धूळ येते कुठून? दहा वाजता वाटेवरून धुळीचे ढग उडवत गाडी गेली. देल्फिना मैत्रिणीकडे निघाली होती, रोजच्यासारखी.

दुपारी त्यानं सांगितलं. ती लालबुंद झाली.

"म्हणजे खापर माझ्यावर?"

"पावसानं पानं धुतली की पुन्हा फवारतो. हिव पडायच्या आत फवारलं तर औषध मुळापर्यंत उतरतं. तोवर गाडी नको."

पाऊस पडून फवारणी होईपर्यंत सत्तरीची देल्फिना रोज दीड कोस पायी गेली.

जूनमध्ये तो उकरायला गेला, तर कडेला ट्रॅक्टर उभा, मागे नांगर जोडलेला, शेजारी देल्फिना. त्यानं घाईनं मूळ उपटलं. तपकिरी, पोकळ. देल्फिनानं ते घेऊन मोडलं, तर भुगा झाला.

"तू पाच वर्षांचा होतास," ती म्हणाली. "कुंपणाला लागलेली ती माती मी टोपलीनं परत आणत होते. महिनाभर."

आणि खाली वाकून तिनं नांगर ट्रॅक्टरला जोडणारी खीळ काढली.